वीस गुणांचा प्रश्न
(चितेगाव येथील पालकांच्या सभेत केलेले भाषण)



वकील बोलावयास उभा राहिला म्हणजे तो जमिनीच्या फेरफाराविषयी, राखीव जागांविषयी किंवा अत्याचारांच्या खटल्यांविषयी बोलेल अशी आपली अपेक्षा असते. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु आज मी एक लहान दिसणारा विषय मुद्दाम निवडला आहे. आपल्या मुलांना काही गुण असे मिळतात, की ते उत्तरपत्रिका लिहून मिळत नाहीत. मुलाने वर्गात हात वर केला काय, उत्तर दिले काय, उभे राहून धडा वाचला काय, गटात चर्चा केली काय, स्वाध्याय वेळेवर दिला काय, प्रकल्प केला काय, हे पाहून शिक्षक ते गुण देतात. हे गुण कोण देतो, कशावरून देतो आणि त्याची नोंद कोठे असते, हे आपल्यापैकी किती जणांनी आजवर विचारले आहे? मुलाचा निकाल लागला, तो उत्तीर्ण झाला, की आपण पेढे वाटतो; अनुत्तीर्ण झाला, की त्याला बोल लावतो. मधला हिशेब आपण पाहतच नाही.

प्रथम कायदा काय सांगतो ते समजून घ्या. २००९ साली संसदेने बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम केला. त्याच्या २९ व्या कलमात असे म्हटले आहे की मुलाचे मूल्यमापन वर्षाच्या शेवटी एकदाच न होता सतत आणि सर्व अंगांनी झाले पाहिजे. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे व ती मला फार मोलाची वाटते: मूल भयमुक्त असावे आणि आपले मत मोकळेपणाने मांडण्यास त्याला साहाय्य व्हावे. या कायद्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत सुरू केली. तिचे दोन भाग आहेत. वर्षभर चालते ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी होते ते संकलित मूल्यमापन. आकारिक भागासाठी आठ साधने सांगितली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, लेखी चाचणी, स्वाध्याय व वर्गकार्य, आणि इतर. त्या पद्धतीत पहिली-दुसरीच्या मुलाच्या शंभर गुणांपैकी सत्तर आकारिक भागाचे व तीस संकलित भागाचे धरले. सातवी-आठवीत हेच प्रमाण चाळीस व साठ असे ठेवले. २०२३ साली शासनाने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. तरीही वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचे तत्त्व कायद्यात कायम आहे. पुढे दहावीला भाषा विषयात ८० गुणांची लेखी परीक्षा असते व २० गुण शाळेच्या हाती असतात.

हे वीस गुण म्हणजे काय, याचा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन करू या. भाषेच्या विषयात शंभरपैकी पस्तीस गुणांना विद्यार्थी उत्तीर्ण होतो. ज्या मुलाला शाळेने वीसपैकी वीस दिले, त्याला लेखी परीक्षेत ऐंशीपैकी पंधरा पुरतात. ज्याला शाळेने आठ दिले, त्याला सत्तावीस मिळवावे लागतात. दोघांनी एकच प्रश्नपत्रिका सोडविली. परंतु एकाची वाट जवळजवळ दुप्पट लांब झाली. हुशार मुलाचेही तसेच. अकरावीच्या प्रवेशात जागा एकेका गुणाने हुकते हे आपण जाणता. म्हणून हे गुण लहान नाहीत.

आता खरा मुद्दा पहा. मंडळाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसते. बैठक क्रमांक असतो. तपासणारा परीक्षक दूरच्या गावचा असतो. लिहिणारा कोणाचा मुलगा, कोणत्या वस्तीतला, त्याचे आडनाव काय, हे त्याला कळत नाही. त्याला केवळ उत्तर दिसते. आपल्या समाजाने शिक्षणात जी मजल मारली, तिच्यामागे या नाव झाकण्याच्या युक्तीचाही वाटा आहे, हे विसरू नका. वर्गातील सहभागाचे गुण मात्र नाव झाकून देता येत नाहीत. ते देणाऱ्याला मूल समोर दिसते. त्याचे आडनाव हजेरीपटावर असते. त्याची भाषा कानावर पडते, त्याचे कपडे डोळ्यांना दिसतात, त्याचे घर गावाच्या कोणत्या अंगाला आहे हेही ठाऊक असते. नावाशिवाय मिळणारे गुण आणि नावासकट मिळणारे गुण यांत हा भेद आहे.

याचा अर्थ प्रत्येक शिक्षक पक्षपाती असतो असा कोणी करू नये. तसे म्हणणे असत्य होईल व कृतघ्नपणाचेही होईल. आपल्यापैकी अनेकांना हाताला धरून पुढे नेणारे शिक्षक भेटले आहेत. परंतु कायदा माणसाच्या चांगुलपणावर विसंबून राहत नाही. तो व्यवस्था पाहतो. या बाबतीत एक अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन या दोन संशोधकांनी भारतात एक परीक्षा-स्पर्धा घेतली. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर वय, मुलगा की मुलगी, आणि जात ही माहिती चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, खऱ्या मुलाशी संबंध न ठेवता, लिहिली व त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात निष्कर्ष असा आहे की ज्या उत्तरपत्रिकेवर खालची मानलेली जात लिहिली होती तिला थोडे कमी गुण पडले. फरक मोठा नव्हता, पण होता. त्याहून विचार करावयास लावणाऱ्या दोन गोष्टी त्यांना आढळल्या. पहिली अशी की हा फरक मुख्यतः खालच्या मानलेल्या जातींतूनच आलेल्या शिक्षकांच्या हातून झाला. म्हणजे पूर्वग्रह आपल्याही हातात शिरून बसतो. शिक्षक आपल्यातला आहे एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. दुसरी अशी की तपासणीच्या आरंभी, जेव्हा कशाला किती गुण द्यावेत हे शिक्षकाच्या मनात अजून नक्की झालेले नव्हते, तेव्हा भेद अधिक झाला.

ही दुसरी गोष्ट आपल्या विषयाचे मर्म सांगते. जेथे माप स्पष्ट असते तेथे जातीला शिरकाव करण्यास जागा थोडी असते. जेथे माप धूसर असते तेथे ती रिकामी जागा जात भरून काढते. आणि 'वर्गातील सहभाग' याहून धूसर माप दुसरे कोणते? गणिताचे उत्तर बरोबर असते किंवा चूक असते. 'हा विद्यार्थी चर्चेत उत्साहाने भाग घेतो' हे कोणत्या तराजूत तोलणार?

मोठ्या विद्यालयांतही हीच तक्रार आढळते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष प्राध्यापक सुखदेव थोरात होते. ते आपल्या शहरातल्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. २००७ साली त्या समितीचा अहवाल आला. तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षांत, जेथे परीक्षक व विद्यार्थी समोरासमोर येतात, तेथे आपल्याला न्याय मिळत नाही, असे अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी त्या समितीपुढे सांगितले.

बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन आपण सर्व जाणता. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना गणित सोडविण्यासाठी फळ्यापाशी बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून इतर मुलांनी धावत जाऊन ते दूर केले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. विचार करा. शिक्षकाने बोलाविले होते, विद्यार्थ्याला उत्तर येत होते. तरीही फळ्यापर्यंतची चार पावले त्याला अपमानातून चालावी लागली. त्या दिवशी कोणी त्यांना वर्गातील सहभागाचे गुण दिले असते तर किती दिले असते? १९०७ साली ते मॅट्रिक झाले. ती परीक्षा मुंबई विद्यापीठाची होती. निकाल वर्गाच्या हाती नव्हता.

मग आपण असे म्हणावे काय, की हे अंतर्गत गुण बंदच करा? काही जण तसे म्हणतात. तसे एकदा करूनही पाहिले गेले. मार्च २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषा विषयांचे शाळेकडील गुण काढून टाकले होते. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल त्या वर्षी ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, तेव्हा सारा दोष वीस गुणांच्या माथी मारता येणार नाही. तथापि ओरड झाली आणि पुढील वर्षापासून ते गुण पुन्हा सुरू झाले. २०२१ साली तर महामारीमुळे परीक्षाच झाली नाही. नववीचा निकाल, दहावीच्या वर्षभराच्या चाचण्या आणि तोंडी व प्रात्यक्षिक काम यांवरून शाळांनी गुण दिले, आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला.

या आकड्यांत दुसरा धोका लपलेला आहे. जेथे गुण खिरापतीसारखे वाटले जातात, तेथे वरवर पाहता आपलाही फायदा होतो. सर्वांना अठरा-अठरा मिळाले, कोणाची तक्रार नाही! परंतु ज्या मुलाला वर्षभरात एकदाही उभे करून प्रश्न विचारला नाही, त्याच्या नावापुढे तोंडी परीक्षेचे अठरा गुण लिहिले, तर त्या मुलाला काही मिळाले की त्याचे काही हिरावले गेले? गुण हाती आले, पण बोलण्याची सवय गेली. पुढे मुलाखतीच्या टेबलापुढे, न्यायालयात, कचेरीत, ग्रामसभेत तो उभा राहील तेव्हा हे अठरा गुण त्याच्या तोंडून एक वाक्यही काढू शकणार नाहीत. कमी गुण देणे हा उघड अन्याय आहे; न शिकविता गुण देणे हा झाकलेला अन्याय आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की ही पद्धत चांगली आहे व ती राहावी, परंतु ती डोळ्यांसमोर राहावी. वर्षभर केलेल्या कामाला मोल असावे हे आपल्या मुलांच्या हिताचेच आहे. घरात एक खोली, दिवसाकाठी शेतातले किंवा कारखान्यातले काम आटोपून आलेले आईबाप, परीक्षेच्या दिवशीच आलेला ताप. अशा मुलाचे वर्ष तीन तासांवर तोलू नये. आणि प्रश्न विचारणे ही तर आपली परंपरा आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. त्याचे नाव मिलिंद आणि परिसराचे नाव नागसेनवन. मिलिंद राजा प्रश्न विचारणारा होता आणि भदंत नागसेन उत्तरे देणारे होते. चर्चेपूर्वी नागसेनांनी राजापुढे अट घातली होती, ती आपल्या शाळांच्या भिंतींवर लिहावी अशी आहे. चर्चा पंडितांच्या रीतीने करणार असशील तर बोलू. राजांच्या रीतीने करणार असशील तर नाही. पंडित एकमेकांच्या चुका दाखवितात व रागावत नाहीत. राजाला विरोध केला की तो दंड देतो. ज्याच्या हाती गुणांची वही आहे तो वर्गातला राजा असतो. त्याने नागसेनांची अट पाळली तरच मूल तोंड उघडील.

हाती सत्ता आणि मापाला आकार नाही, अशा ठिकाणी न्यायालयाने काय सांगितले तेही ऐका. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला शंभर व मुलाखतीला पन्नास गुण ठेवले होते. दोन-तीन मिनिटांच्या बोलण्यावर एक तृतीयांश गुण! अजय हासिया यांच्या खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितले की मुलाखत घेणे गैर नाही, परंतु तिला पंधरा टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे हे मनमानीपणाचे आणि समतेच्या १४ व्या कलमाच्या विरुद्ध होईल. तो निर्णय प्रवेशाच्या मुलाखतीचा होता, शाळेच्या अंतर्गत गुणांचा नव्हे. तो जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. परंतु त्यातील तत्त्व घेण्याजोगे आहे. समोरासमोर दिलेल्या गुणांना मर्यादा हवी व त्यांचा पुरावा राहावयास हवा. २०११ साली आदित्य बंदोपाध्याय यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहता येते असे ठरविले. लिहिलेले पाहण्याचा हक्क मान्य झाला आहे. मग न लिहिलेल्या कामाची नोंद पाहण्यास आपण का कचरावे?

आता आपण काय करावे ते सांगतो. चितेगाव हे पैठण रस्त्यावरचे कारखान्यांचे गाव आहे. पाळीवर जाणारे अनेक जण येथे आहेत. हजेरीपत्रकावर खाडा पडला तर पगारात किती कपात होते हे तुम्हांस पाठ असते. महिना संपण्यापूर्वीच तुम्ही कारकुनाकडे जाऊन हजेरी तपासता. हीच दक्षता मुलाच्या नोंदवहीविषयी दाखवा. शिक्षणहक्काच्या कायद्याचे २४ वे कलम शिक्षकावर असे कर्तव्य घालते की त्याने पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगावी. म्हणजे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. सांगणे हेच त्यांचे काम आहे. प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदी असतात: 'कविता तालासुरात म्हणतो', 'गटकार्यात सहभागी होतो'. अशा तयार नोंदींच्या याद्याही मिळतात व त्यांवरून वाक्ये उतरविली जातात. ते वाक्य वाचा आणि नम्रपणे विचारा: गुरुजी, हे केव्हा पाहिलेत? कोणत्या धड्याच्या वेळी? ज्याने खरोखर पाहिले आहे त्याला आनंद होईल. ज्याने पाहिले नाही तो पुढच्या वेळी पाहील. निरक्षर मातेनेही हा प्रश्न विचारावा. त्यासाठी वाचता येणे आवश्यक नाही.

दहावीच्या मुलांच्या बाबतीत हे काम वेळेत करा. शाळेकडून मंडळाकडे गुण गेल्यावर जागे होऊन उपयोग नसतो. दिवाळीपूर्वी एकदा आणि लेखी परीक्षेपूर्वी एकदा, कोणत्या स्वाध्यायाला किती व तोंडी परीक्षेला किती गुण पडले हे समजून घ्या.

शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्याप्रमाणे त्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. तेथे सह्या करण्यापुरते बसू नका. मूल्यमापनाचे निकष आधी लिहून फळ्यावर लावावेत, प्रत्येक मुलाला आठवड्यातून निदान एकदा बोलण्याची पाळी यावी, आणि प्रकल्पासाठी विकतचे साहित्य मागू नये, अशा तीन गोष्टी तेथे मांडा. थर्माकोल व रंगीत छपाईवर गुण दिले तर ते मुलाला नव्हे, बापाच्या खिशाला दिले जातात. आपल्या मुलाला सांगा: आजीला विचार, ती लहान असताना गावात पाणी कोठून आणीत. १९७६ मध्ये जायकवाडीचे धरण सुरू झाले तेव्हा कोणाच्या जमिनी गेल्या व कोणाच्या शेताला पाणी मिळाले, ते लिहून आण. असा प्रकल्प पैशाशिवाय होतो, आणि तो दुसरा कोणी करून देऊ शकत नाही.

घरच्या बोलीविषयी एक शब्द. वर्गात मूल आपल्या बोलीत बोलले, इतर मुले हसली, की ते पुन्हा तोंड उघडत नाही. मग प्रगतिपत्रकावर 'अबोल आहे' असे लिहून येते. मूल अबोल नसते. त्याला गप्प केलेले असते. त्याला सांगा की आपली बोली अशुद्ध नाही, ती वेगळी आहे. पुस्तकाची भाषा ही दुसरी भाषा म्हणून शिक, आपली टाकू नकोस. आणि घरात त्याला बोलू द्या. 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नको' असे दिवसभर ऐकणारे मूल शाळेत अकस्मात बोलके होत नसते. विशेषतः मुलीला बोलू द्या. संध्याकाळी जेवताना 'आज वर्गात तू काय विचारलेस?' असे तिला विचारा. 'किती गुण पडले?' हा प्रश्न नंतरचा.

शेवटी तक्रारीविषयी. कमी गुण पडले म्हणजे लगेच जातीचा अन्याय झाला असे समजू नका, आणि झाला असेल तर तोंड दाबूनही बसू नका. संशय हा पुरावा नव्हे. स्वाध्यायाच्या वह्या जपून ठेवा. त्यांवर शिक्षकाची सही व तारीख असते. वर्गातील इतरांशी तुलना करा. मग प्रथम वर्गशिक्षकास भेटा, नंतर मुख्याध्यापकास लेखी अर्ज द्या व पोच घ्या. आठवीपर्यंतच्या मुलासाठी शिक्षणहक्क कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा असे कायदा सांगतो, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. नववी-दहावीसाठी जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. शासकीय व अनुदानित शाळेतील नोंदीसाठी माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो व तीस दिवसांत उत्तर यावे लागते. जातीवरून मुलाला सर्वांसमोर हिणविले गेले असेल तर ती गोष्ट गुणांची राहत नाही. त्यासाठी १७ वे कलम मानसिक छळास मनाई करते आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे. परंतु तो कायदा हे भारी शस्त्र आहे. दोन गुणांसाठी ते उपसले तर ज्या दिवशी खरी गरज पडेल त्या दिवशी ते बोथट झालेले आढळेल.

येत्या काळात हा प्रश्न वाढणार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सर्वांगीण प्रगतिपत्रक सांगितले आहे. त्यात शिक्षकाबरोबर मुलाने स्वतःचे आणि वर्गमित्रांनी एकमेकांचे मूल्यमापन करावे असे आहे. कल्पना सुंदर आहे. परंतु ज्या वर्गात बाकावर बसण्याची जागाही वस्तीप्रमाणे ठरते, त्या वर्गात मित्राने मित्राला दिलेले माप कसे असेल, याचा विचार आजपासूनच करावा लागेल. तेथे पालक म्हणून आपली हजेरी लागली नाही तर आपल्या मुलांविषयी दुसरेच लिहितील आणि आपण त्याखाली सही करू.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. या महिन्यात प्रत्येक घरातून एक तरी माणूस, बाप नसेल तर आई, आई नसेल तर थोरली बहीण, शाळेत जाऊन मुलाची नोंदवही पाहून येवो. काय आढळले ते पुढील सभेत सांगा. त्यावरून पुढचे काम ठरवू.

जय भीम.